घोड्याखालचा घोडा

१९७३ साली शिमग्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात खंडोबाच्या देवळाची आतली उत्तरेकडची भिंत खरवडून तिच्यावर आकाशी ऑइलपेंट लावण्यात आला. काम सकाळी नऊच्या सुमाराला सुरू झालं आणि दिवस मावळायच्या आत संपलं. भिंतीवर चित्र होतं. ते काढणारा रंगारी तेव्हा हयात होता आणि देवळापासून हाकेच्या अंतरावर राहत होता. रंग लावला गेला तो जिल्ह्याच्या दैनिकात आधी आलेल्या अकरा ओळींच्या बातमीमुळे. बातमी मी लिहिली होती.

मी त्या दैनिकाचा पाथर्डीचा बातमीदार होतो. त्याआधी दोन वर्षं नगरच्या कचेरीत काढली होती. तिथे एकच गोष्ट घोटून घेतली होती: जे पाहिलं ते लिहायचं, आणि जे ऐकलं ते कोणाकडून ऐकलं हेही लिहायचं. दुष्काळ होता. माझ्या बातम्या ठरलेल्या असत. अमुक गावचं खडी फोडायचं दुष्काळी काम सुरू झालं, तमुक गावचं बंद पडलं, टँकर आला, टँकर आला नाही.

माझ्या खोलीसमोर हायस्कूलचे चित्रकलेचे शिक्षक राहत. सगळे त्यांना ड्रॉइंगसर म्हणत. पन्नाशी उलटलेली, अंगात खादीचा बुशशर्ट, खिशात नेहमी टोक काढलेल्या दोन पेन्सिली. तरुणपणी मुंबईला कलाशाळेत शिकले होते. चित्रं काढणं त्यांनी कधीच सोडलं होतं. ते लिहीत. जिल्ह्यात ज्यांनी ज्यांनी चित्रं काढली, मूर्ती घडवल्या, त्यांची चरित्रं लिहायची असं त्यांनी ठरवलं होतं. संगमनेरचा नाटकाचे पडदे रंगवणारा, राजूरकडचा लाकडी मुखवटे करणारा, देवळाच्या जोत्यावर हत्ती कोरणारा एक पाथरवट. प्रत्येकाला चार-पाच पानं. सुट्टी लागली की पिशवीत वही टाकून ते एसटीत बसत.

हे त्यांच्या डोक्यात एका पुस्तकाने घातलं होतं. पुस्तक इंग्रजी होतं, पुढचा पुठ्ठा गेलेलं, कलाशाळेत असताना रद्दीत मिळालेलं. चारशे वर्षांपूर्वी इटलीत एक चित्रकार होऊन गेला. राजेलोकांचे वाडे सजवले, इमारती उठवल्या. शिवाय आपल्या आधीच्या आणि आपल्या काळातल्या चित्रकारांची, शिल्पकारांची चरित्रं लिहून काढली.

"त्याची चित्रं पाहायला कोणी मुद्दाम जात नाही," सर सांगायचे. "पण बाकीच्यांची पाहायला जायचं तर आधी यालाच विचारावं लागतं."

त्यांच्या वह्या मी वाचल्या होत्या. एकदा म्हणालो, "सर, यातलं निम्मं ऐकीव आहे."

"त्याचंही होतं. कोणाची सालं चुकवली, कोणाच्या नावावर भलत्याच गोष्टी घातल्या. पण त्यानं लिहिलं नसतं, तर चूक काढायला तुम्हांला काय मिळालं असतं, बातमीदार?"

एवढं बोलले खरे, पण पुढच्या चरित्रापासून त्यांनी समासात प्रत्येक मजकुरापुढे शेरा लिहायला सुरुवात केली. एक तर 'पाहिलेलं', नाही तर 'ऐकीव'.

संक्रांतीनंतर ते मला त्या खेड्यात घेऊन गेले. एसटी फाट्यावर सोडायची. पुढे तासभर चाल. देवळाच्या मंडपात उत्तरेच्या भिंतीवर पाच चौकटी होत्या. डावीकडे देवाचं लग्न, मग मेंढवाडा, मधल्या मोठ्या चौकटीत घोड्यावर बसलेला देव, उजवीकडे दैत्यांशी लढाई आणि शेवटी भंडारा उधळणारी माणसं. काव, पिवडी, नीळ, काजळी आणि चुना, एवढ्याच रंगांत सगळं. घोडा उजवीकडे तोंड करून उधळलेला होता. पुढचे पाय उचललेले, मान वळलेली. बाकी चित्रातली माणसं बाहुल्यांसारखी ताठ उभी होती. घोडा तसा नव्हता.

मंडपात सुकडीची पोती रचलेली होती. दुष्काळी कामावरच्या लोकांना वाटायचं ते पीठ. पोती थेट भिंतीला टेकवलेली होती. पोतं ओढलं की रंग त्याच्याबरोबर येत होता. खालच्या वीतभर पट्ट्यात चित्र राहिलंच नव्हतं.

ते काढणारा रंगारी मुसलमान होता. गावात त्याला चाचा म्हणत. वय पंचाहत्तरच्या घरात. मोहरमचे ताबूत सजवणं, बैलगाड्यांच्या लाकडी साट्या रंगवणं हा त्याचा धंदा. ही भिंत त्याने चाळीसएक वर्षांपूर्वी रंगवली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सून हात धरून त्याला अंगणात आणून बसवायची.

सरांनी वही उघडली. "चाचा, जन्म कधीचा?"

"पलेगात आमच्या आईनं गाव सोडलं. तवा म्या प्वाटात हुतो म्हनं."

सरांनी समासात लिहिलं: ऐकीव.

"शिकलात कोणाकडे?"

"मामाकडं. त्यो नुस्त्या गाड्या रंगवायचा. देवबीव न्हाई." चाचाने वहीच्या दिशेने हात केला. "काय काय लिवलं, वाचा की."

सरांनी वाचलं. चाचा मान हलवत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बेस हाय. पर सर, तुमी मला मेल्यावानी लिवताय. हे करायचा, ते करायचा. म्या बसलोय की हितं."

परतताना सर म्हणाले, मे महिन्याच्या सुट्टीत येऊन सगळं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतो, तोवर पोती तेवढी हलली पाहिजेत. त्यांनी सरपंचाला सांगून पाहिलं होतं. ठेवायला दुसरी जागा नाही, असं उत्तर आलं होतं.

"तुम्ही बातमी द्या," ते मला म्हणाले. "पेपरात आलं की हलतील."

मी बातमी दिली. अकरा ओळी. दहा ओळींत मी पाहिलेलं होतं: चौकटी, रंग, पोती, पुसलेला पट्टा. अकरावी ओळ अशी होती: 'हे चित्र पाहण्यासाठी जाणकार मंडळी लवकरच गावाला भेट देतील, अशी अपेक्षा आहे.' असं मला कोणी सांगितलं नव्हतं. रस्त्याची बातमी 'लवकरच दुरुस्ती होईल अशी अपेक्षा आहे' अशी संपवायची, विहिरीची 'पाणी लागेल अशी अपेक्षा आहे' अशी. हात त्या वळणाचा झाला होता.

बातमी छापून आली. दोन दिवसांत पोती हलली, शाळेच्या व्हरांड्यात गेली. सरांनी मला मुद्दाम हॉटेलात नेऊन चहा पाजला.

शिमगा झाल्यावर शनिवारी पाथर्डीच्या स्टँडवर सरपंच भेटले. साठीचे शेतकरी, फेटा, आवाज मोठा. पायाशी ऑइलपेंटचे पत्र्याचे डबे होते.

"बातमीदार! बरं झालं गाठ पडली. सोमवारी या. खडीला सुट्टी हाय, समदी पोरं घरी हायती. देवाची भित नवी कोरी करून टाकतो."

मी विचारलं, कुठली भिंत.

"तुमी पेपरात आनली तीच. जिल्ह्यात बोभाटा झाला, आमच्या देवाची भित खराब हाय म्हनून. लाज गेली की. आन आता बघायला मानसं येनार. पावना यायच्या आधी आपन घर सारवतो का न्हाई? हितल्या एका व्यापाऱ्यानं डबं दिलं, धर्माचं. कदी येत्यात म्हनं?"

"कोण?"

"तीच. जानकार."

मी सांगितलं की ते चित्रच पाहण्यासारखं आहे, ते पुसायचं नाही. सरपंच हसले. एसटी लागली होती. डबे टपावर चढवायला हमालाला हाक मारत ते निघून गेले.

मी पोस्टातून नगरला ट्रंककॉल लावला. तासाभराने लागला. उपसंपादकाला म्हणालो, माझ्या बातमीतली शेवटची ओळ खोटी आहे, खुलासा छापा.

"खोटी कशी? भेट देतील असं कुठं म्हटलंय? अपेक्षा आहे, म्हटलंय. तुझी नव्हती का अपेक्षा?"

मी म्हणालो, नव्हती.

"मग लिहिलंस कशाला?" असं म्हणून त्यांनी टँकरची बातमी मागितली.

पाथर्डीच्या स्टुडिओवाल्याकडे कॅमेरा होता. तो लग्नाच्या कामासाठी बाहेरगावी गेला होता, बुधवारी येणार होता. सरांनी शाळेतले ट्रेसिंग पेपर घेतले. सोमवारी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. गाडीत सर त्या इटलीतल्या चित्रकाराबद्दल बोलले. एका राजवाड्यात मोठा दिवाणखाना होता. तिथल्या भिंतीवर त्याच्याआधीच्या फार मोठ्या चित्रकाराने लढाईचं चित्र सुरू करून अर्धं सोडलेलं होतं. घोड्यांचं. पुढे तो दिवाणखाना सजवायचं काम या चरित्रं लिहिणाऱ्याला मिळालं. त्याने भिंतींवर आपली चित्रं काढली.

"आणि खालचे घोडे?"

"माहीत नाही. पण दुसरीकडे एकदा त्यानं जुन्या चित्रापुढे नवी भिंत उभी केली आणि मधे फट ठेवली. ते चित्र वाचलं." थोड्या वेळाने म्हणाले, "आपण कापड लावू म्हणून सांगू."

पोचलो तेव्हा मंडप धुऊन काढलेला होता. चार तरुण खरवडायच्या लोखंडी पत्त्या घेऊन तयार होते. सरांनी सरपंचाला बाजूला घेतलं. भिंतीपुढे बांबूची चौकट करू, मांजरपाट ताणू, रंग त्यावर द्या, आत चित्र तसंच राहू द्या, असं समजावलं.

"देवाच्या भितीला पडदा? तमाशाचा फड हाय का सर ह्यो?"

तरुण हसले. मग मी पुढे झालो. सांगितलं की कोणी येणार नाही. ती ओळ मी मनाने घातली होती.

सरपंचांनी खिशातून चौघडी केलेलं कात्रण काढलं, बोट ठेवून माझ्यापुढे धरलं. "हे काय हाय मग?"

"ते मीच लिहिलंय."

"तुमी लिवलं असंल. छापलं पेपरनं. पेपर काय मनचं छापतोय व्हय?"

मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी कात्रण नीट घडी करून परत खिशात ठेवलं.

सरांनी मग एवढंच मागितलं की चित्र उतरवून घेईपर्यंत थांबा, एक दिवस द्या. सरपंच म्हणाले, पोरं उद्या पुन्हा खडीवर जाणार, आजच व्हायला पाहिजे. शेवटी ठरलं ते असं: तरुणांनी डावीकडून खरवडत यायचं, सरांनी उजवीकडून उतरवत जायचं. त्या बदल्यात सरांनी दाराच्या वर रंगाच्या देणगीदाराचं नाव लिहून द्यायचं.

"अक्षर तुमचंच पायजे," सरपंच म्हणाले. सरांनी मान डोलावली.

मी कागद धरून उभा राहिलो. सर पेन्सिलीने रेघ ओढत होते. डावीकडे खरखर सुरू झाली. एकजण लग्नाच्या चौकटीवर पत्ती चालवत म्हणाला, "देवा, गुदगुल्या हुतील, जरा सोस." दुसरा म्हणाला, "आरं नवरीला तरी सोड, आत्ता लगीन लागलंय तिचं." चुना आणि रंगाची पूड खाली साचत होती. एकजण पाठोपाठ ओल्या फडक्याने भिंत पुसत होता.

भंडाऱ्याची चौकट उतरवायला दीड तास गेला. लढाईला त्याहून जास्त. सरांनी आधी बारकावे घेतले, मग नुसत्या कडा घ्यायला लागले. जेवणाच्या वेळी तरुण भाकरी खायला बसले. सर बसले नाहीत. त्या वेळेत घोड्याचं तोंड आणि लगाम झाला.

दुपारी तरुण पुन्हा उठले, तेव्हा लग्न आणि मेंढवाडा गेलेले होते. ते घोड्याच्या शेपटीकडून आत आले. सर पुढच्या पायांवर होते. दोघांमध्ये तीनेक हात भिंत राहिली होती.

"सर," पत्तीवाला एकदम थांबून म्हणाला. "ह्याच्या आत बी रंग हाय."

घोड्याच्या मांडीवरचा पोपडा निघाला होता. त्याखाली चुना, आणि चुन्याखाली तांबडा पट्टा. चार बोटं रुंद. कडा गोल वळलेली होती.

सरांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. एकाने जाऊन चाचाला आणलं. सुनेने त्याला भिंतीशी उभं केलं.

"चाचा, तुमचं चित्र जातंय," सर म्हणाले. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

"म्हाईत हाय. सकाळधरनं खरखर ऐकतुया. रंग कंचा लावनार?"

"आकाशी."

"वाईट न्हाई."

सरांनी त्याचं बोट धरून तांबड्या पट्ट्यावर टेकवलं. आत रंग निघालाय, तांबडा, असं सांगितलं. चाचाने बोट पट्ट्यावरून दोनदा फिरवलं.

"ह्यो माझा न्हाई."

"मग कोणाचा?"

"माझ्या आधीचा. म्या आलो तवा भितीवर जुनं चित्र हुतं, रंग इटलेलं. ह्या सरपंचाचं आजं म्हनलं, पुसट झालंय, नवं काड. म्या वरनं चुना मारला."

"काढणाऱ्याचं नाव?"

"नाव कुनाला ठावं. म्या इचारलंबी न्हाई." चाचाचं बोट अजून भिंतीवरच होतं. "घोडं मातुर लई झ्याक काडलं हुतं त्यानं. तांबडं. मला घोडं येत न्हवतं, सर. गाडीवर मोर काडायचो, कमळ काडायचो. चुना वला हुता, त्यातनं त्याचं घोडं दिसत हुतं. त्याच्याच पायावर माझं पाय ठिवलं."

मग सरपंच म्हणाले, आणि चिडवून नव्हे, सरळ विचारावं तसं, "मंग सर, आमी तरी काय येगळं करतुय?"

सरांनी नखाने पोपड्याची कड उचकून पाहिली.

सर म्हणाले, हा वरचा पोपडा हळूच काढत गेलं तर खालचा घोडा सगळा दिसेल, दोन दिवसांचं काम आहे. सरपंचांनी उन्हाकडे पाहिलं. पत्तीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. सरपंच म्हणाले, "चला, आटपा." तरुणांनी पत्त्या उचलल्या. चाचाला सून परत घेऊन गेली. जाताना तो सरांना म्हणाला, "तुमी लिवलंय न्हवं? मग झालं की."

सर पुन्हा कागदाशी आले. पुढचे पाय पुरे झाले. छातीची रेघ पोटापर्यंत आली. तिथे पेन्सिल आणि पत्ती यांच्यामध्ये वीतभर अंतर राहिलं. पत्तीवाला अदबीने म्हणाला, "सर, जरा हात काडता का?" सरांनी हात काढला. मी कागद गुंडाळला.

आकाशी रंग दोन हात लागला, एक दुपारी आणि एक उन्हं उतरल्यावर. तोवर सरांनी दाराच्या वर पांढऱ्या रंगात देणगीदाराचं नाव लिहिलं. दोरी मारून आखून घेतलं, अक्षरं एका उंचीची, टोकं नीट. सगळ्यांनी वाखाणलं. सरपंचांनी नारळ फोडला. आम्हांला फाट्यावरून शेवटची गाडी मिळाली.

जाणकार मंडळी आली नाहीत. सरपंच पुढे दोन-तीनदा स्टँडवर भेटले. दर वेळी त्यांनी विचारलं, कधी येतात. पुढच्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. पावसाळा बरा झाला होता. सुकडीची पोती मंडपात परत आली नाहीत, कारण दुष्काळी काम बंद झालं होतं. चाचा त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वारला. मी चार ओळींची बातमी पाठवली. ती छापली गेली नाही.

सर निवृत्त होऊन संगमनेरला मुलाकडे राहायला गेले. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने वह्यांचं गाठोडं माझ्याकडे पाठवलं. ट्रेसिंगचे तीन कागद शेवटच्या वहीत घडी करून ठेवलेले आहेत. दोन पुरे आहेत. तिसऱ्यावर घोड्याचं तोंड, मान, लगाम, पुढचे दोन पाय आणि पोटापर्यंत आलेली रेघ आहे. पाठीवर देव नाही.

त्याच वहीत चाचाच्या चरित्रातल्या क्रियापदांवर काट मारून ती बदललेली आहेत. 'करायचा'च्या जागी 'करतो', 'काढायचा'च्या जागी 'काढतो'. तो वारल्यावर ती पुन्हा बदललेली नाहीत.

पान उलटल्यावर आणखी एक चरित्र आहे. ते चार ओळींचं आहे. नावाची जागा मोकळी सोडली आहे. गावाची जागा मोकळी आहे. खाली लिहिलं आहे: 'तांबडा पट्टा, चार बोटं रुंद, उत्तरेची भिंत, चुन्याखाली.' समासात: पाहिलेलं. त्याखाली: 'घोडा चांगला काढत असे.' समासात: ऐकीव.